अमावस्येची बाटली

१

पाच वर्षांच्या तेजसच्या रक्तात फिटच्या औषधाचं प्रमाण हवं त्याच्या दुप्पट निघालं, आणि ते तिथं कसं गेलं हे कोणालाच सांगता येईना.

जळगावच्या आरोग्य सहायक प्रशिक्षण केंद्रात ही बातमी सकाळच्या पहिल्याच तासाला पोचली. प्राचार्य योगराजसर स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी ते शिपायाला पाठवत.

"कामिनीताई, जरा बाहेर या. मोनालीलाही घ्या सोबत."

मोनाली पहूरची. वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी, आणि उत्तर चुकलं तर सगळ्यांत आधी हसणारी. होळीच्या सुमारास ती चोपड्याच्या एका डॉक्टरांकडे प्रात्यक्षिकाला होती. डॉक्टर चिठ्ठीवर औषध मिलिग्रॅममध्ये लिहीत. त्याचे मिली काढायचे आणि घरच्या माणसांना डोस भरायला शिकवायचं, हे मोनालीचं काम. तेजसच्या घरी तीच गेली होती.

"पोरगं झोकांड्या खातंय," योगराजसर म्हणाले. "डोळे ठरत नाहीत. डॉक्टरांनी सध्या औषध थांबवलंय, आता धोका नाही म्हणतात. पण तुमच्या पोरीनं गणित चुकवलं, असं त्यांचं म्हणणं. सोमवारपर्यंत चूक कशी झाली ते कळलं नाही, तर मला मोनालीचं नाव काढावं लागेल. परीक्षा नाही आणि पुन्हा प्रवेशही नाही."

मोनालीचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "मॅडम, मी फळ्यावर करून दाखवू?"

डोस काढण्या-देण्याचा हा विषय त्या केंद्रात वर्षानुवर्षं लताबाई शिकवायच्या. कामिनी त्यांची मुलगी. ती धुळ्याला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. होळीनंतर आई गेली, वर्ग अर्ध्यावर राहिला, आणि परीक्षेपुरती म्हणून कामिनी इथं आली. दिवसकार्य झाल्यावर चौथ्या दिवशी ती फळ्यापुढे उभी होती. रडायला सवड हवी असती, तर ती धुळ्यालाच राहिली असती.

मोनालीनं खडू घेतला. मुलाचं वजन पंधरा किलो. किलोमागे पाच मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. दोन वेळांत वाटले तर एका वेळेला साडेसदतीस. पातळ औषधाच्या पाच मिलीत एकशेपंचवीस, म्हणजे एका मिलीत पंचवीस. उत्तर दीड मिली.

"आणि भरायला काय दिलंस?"

"सुई नसलेली सिरींज. चमचा हे भांडं आहे, माप नाही, असं लताबाई म्हणायच्या ना."

म्हणायच्या. कामिनीनं ते वाक्य लहानपणापासून ऐकलं होतं, स्वयंपाकघरातसुद्धा. तिनं फळा पुन्हा वरून खाली वाचला. एकही आकडा चुकलेला नव्हता.

"गणित बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

"मग रक्तात आलं कुठून?" योगराजसरांनी विचारलं. 

२

शनिवारी दोघी चोपड्याच्या एसटीत बसल्या. बाहेर केळीची पानं उन्हानं कडेला करपली होती. मोनाली एरवी बडबडी, आज खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"मॅडम, बाबांना सांगितलं नाही मी. ते सांगतील, ये परत."

"मग नको सांगूस. आधी बघू."

कामिनीच्या डोक्यात एकच शंका होती. एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. दुकानदारानं जास्त तीव्र दिली असेल, तर दीड मिलीतच दुप्पट औषध जाईल आणि कोडं तिथंच सुटेल.

मेडिकलवाले भटूशेठ काउंटरवर पंख्याला पाठ लावून बसले होते. नाव सांगताच ते उठून उभे राहिले.

"लताबाईंच्या का तुम्ही? अहो, बाई दुकानात यायच्या आणि माझीच परीक्षा घ्यायच्या. हे कशातून द्यायचं, ते कधी द्यायचं नाही. दोनदा नापास केलं मला." मग आवाज खाली आला. "गेल्या ते कळलं. फार वाईट झालं."

"हो," कामिनी म्हणाली, आणि बाटलीबद्दल विचारलं.

भटूशेठांनी फळीवरून बाटली काढून पुढ्यात ठेवली. तीच कंपनी, तीच तीव्रता. ते दुसरी ठेवतच नव्हते. "तेजसचा काका नवल नेतो. मार्केट यार्डात हमाल आहे तो. अमावस्येला यार्ड बंद, हमाल ओझं उचलत नाहीत. तीच त्याची सुट्टी. दर अमावस्येला एक बाटली नेतो, आधी नाही, नंतर नाही."

कामिनी थबकली. "मध्ये कधीच नेली नाही? कधी लवकर संपली म्हणून?"

"कधीच नाही. महिनाभर बरोबर पुरते."

बाहेर आल्यावर ती मोनालीला म्हणाली, "दुप्पट डोस दिला असता, तर बाटली किती दिवस पुरली असती?"

"अर्धा महिना."

"पण ती पुरते महिनाभर. म्हणजे जास्तीचं औषध बाटलीतून निघालेलंच नाही. आणि रक्तात आहे."

 मागून भटूशेठांची हाक आली. ते पायरीपर्यंत आले होते.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. गावात म्हणतात, त्या पोराचं दुखणं औषधाचं नाहीच. चंद्राचं आहे."

३

घर गावाच्या कडेला होतं. तेजसचे वडील सुरतला कापडगिरणीत. घरी आजी वच्छलाबाई, आई सारिका, आणि सुट्टीला येणारा नवल. तेजस बाजेवर आडवा होता. त्यानं मान वळवून पाहुण्यांकडे बघितलं, पण नजर एका जागी ठरेना.

"ये वं बाई. उन्हातनी उनी तू," वच्छलाबाईंनी आलेल्या पाहुणीसाठी फडक्यानं पाट पुसला. मग मोनाली दिसली आणि त्यांचा सूर बदलला. "हाई पोर पण उनी का? तिनी सुईनीच घात करा."

"सुई नाही अक्का, सिरींज," मोनाली पुटपुटली.

"तेच ते! चमच्यानी देत होतू तवय पोऱ्या चांगला व्हता. होळीपासून तुमनी नळी उनी, नि हाई व्हयनं."

कामिनीनं विचारलं, नेमकं काय होतं? वच्छलाबाई पुढे सरकल्या. अमावस्या झाली की चार-पाच दिवसांत पोराला झटका येतो. मग मधले दिवस बरे. पुढची अमावस्या जवळ आली की नशा केल्यासारखा चालतो, ताटावरच डुलक्या घेतो. "चंद्र घटस तसा पोऱ्या घटस. त्याले डॉक्टर काय करी?"

"म्हणून झटक्यांचं डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"उतारा करा आम्ही."

आत चुलीपाशी सारिकानं कामिनीला बाजूला घेतलं. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून तिचा आवाज दबलेला होता. "ताई, मला विचाराल तर उताऱ्यासोबत आत्याबाई काहीतरी मुळी उगाळून देतात. मी मजुरीला गेले की घरी त्याच असतात."

आणि बाहेर ओट्यावर वच्छलाबाई मोनालीला सांगत होत्या, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सारिका घाबरट शे. झटका येवाना भेव. माले न सांगता रातले पुन्हा पाजत असीन."

कामिनीनं दोन्ही ऐकलं. मुळीनं रक्तातलं हेच औषध वाढलं नसतं. आणि सारिकानं चोरून पाजलं असतं, तर बाटली महिनाभर पुरली नसती. दोघी एकमेकींवर संशय घेत होत्या, आणि बाटली दोघींची बाजू घेत होती.

तिला टोचत होतं ते निराळंच. चमच्यानं देत होत्या तोवर मूल बरं होतं. चंद्र तर होळीआधीही होता. होळीला घरात नवीन आली ती एकच गोष्ट, सिरींज. आणि सिरींजचा आग्रह मोनालीचा नव्हता. तो आईचा होता.

मोनालीनं तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते कळलं असावं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आपण परत जायचं का?"

४

"नाही," कामिनी म्हणाली. मग वच्छलाबाईंकडे वळली. "अक्का, रोज औषध कसं काढता ते मला दाखवा. पाजायचं नाही, नुसतं काढून दाखवायचं."

"त्यात काय दाखवानं?"

"दाखवा तर."

वच्छलाबाई उठल्या आणि घराच्या थंड कोपऱ्यात माठापाशी गेल्या. माठाखाली ओल्या वाळूची पाटी होती, आणि त्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली औषधाची बाटली. चोपड्याच्या उन्हाळ्यात घरात दुसरी थंड जागा नव्हती. औषध गरम होऊ नये म्हणून बाईंनी माठाची सावली आणि माठाचा पाझर, दोन्ही त्याला दिलं होतं.

त्यांनी नुसतं बूच उघडलं. बाटली वाळूतच राहिली. सिरींजच्या तोंडाला शेतातल्या ठिबक सिंचनाच्या बारीक नळीचा बोटभर तुकडा बसवलेला होता, धुऊन स्वच्छ ठेवलेला. "बाटली खाली गई का सिरींज पुरत नही. म्हणून नवलनी हाई करी दिधं." श्वास रोखून त्यांनी नळी आत सोडली, औषधाला जेमतेम टेकवली आणि दट्ट्या ओढला. रेघेवर अचूक दीड मिली. वर्गातल्या निम्म्या मुलींना इतकं नेमकं जमत नव्हतं.

"नळी तळाशी का नाही नेत?"

वच्छलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं उंबऱ्यावर चप्पल ठेवली. "तळाले हात लावतस का कोणी? गाळ वर येस." आणि त्यांनी शेजारच्या पिंपाकडे बोट केलं. टँकरचं पाणी त्यात ओतायचं, तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, आणि ओगराळ्यानं वरचं वरचं नितळ घ्यायचं. पिंपाला धक्का लागला तर दिवसभर घरात बोलणी. सारिकानं दारातून मान डोलावली. लग्न होऊन आल्यावर तिनं पहिली बोलणी त्याचीच खाल्ली होती.

"औषधाचंही तसंच करता?"

"मंग? लेकरूच्या पोटात गाळ घालू का? शेवटले दिन गढूळ येस, काय करू. फेकवत नही."

कामिनी वाळूपाशी बसली. ओल्या वाळूच्या वर बाटलीचा फक्त गळा दिसत होता. आत बोटभर औषध उरलं होतं. तिनं हात पुढे केला, आणि लगेच मागे घेतला.

"मोनाली, कोणाला बाटलीला हात लावू देऊ नकोस."

तिनं डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, उद्या तुम्हालाच इथं यावं लागेल. योगराजसरांनाही बोलावते. बाटली तुमच्याकडे आणली, तर रस्त्यातच सगळा पुरावा पुसला जाईल."

"कसला पुरावा?" पलीकडून वैतागलेला आवाज आला. "तुम्हाला कोण सापडलंय?"

"सापडलाय. पण तो बाटलीच्या बाहेर कधी आलाच नाही."

५

रविवारी अमावस्या होती. नवल सकाळीच आला होता, नवीन बाटली घेऊन. दुपारी डॉक्टर आणि योगराजसर पोचले. घर भरलं. तेजस आज जरा सावरला होता. तो डॉक्टरांच्या गाडीच्या किल्लीकडे बघत होता आणि त्याची नजर तिथं टिकत होती.

"बोला," डॉक्टर म्हणाले. "गणित कोणी चुकवलं?"

"कोणीच नाही. दीड मिली बरोबर. अक्का भरतात तेही दीड मिलीच. दुकानातली तीव्रताही तीच. बाटली महिनाभर पुरते, म्हणजे कोणी चोरून जास्त दिलं नाही. मग महिन्याच्या शेवटी मुलाच्या रक्तात जास्तीचं औषध आलं कुठून?"

तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"महिन्याच्या सुरुवातीकडून," कामिनी म्हणाली. "तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली गेली, डॉक्टर. महिन्याच्या सुरुवातीला याला झटके येतात. तेव्हा औषध कमी पडतं. जे तेव्हा मिळायला हवं होतं ते तळाशी साठत जातं, आणि शेवटी सगळं एकदम मिळतं. हे पातळ औषध म्हणजे साखरेच्या पाण्यासारखं विरघळलेलं नाही, पाण्यात कालवलेल्या चुन्यासारखं आहे. ठेवून दिलं की खाली बसतं. अक्का रोज दीड मिलीच देत होत्या. पण सुरुवातीच्या दीड मिलीत पाणी जास्त होतं आणि शेवटच्या दीड मिलीत औषध."

तिनं वाळूतली बाटली अलगद काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. तळाला लापशीसारखा पांढरा थर होता. त्यांनी तिरकी केली, तरी तो लवकर हलेना.

"पण चमच्यानं देत होत्या तेव्हा?" योगराजसरांनी विचारलं.

"चमच्यानं द्यायला बाटली उचलावी लागते, कलती करावी लागते. रोज दोनदा ती आपोआप ढवळली जायची. सिरींज आली, आणि बाटली वाळूतून उठायची थांबली."

नवल भिंतीला टेकून ऐकत होता. त्यानं डोकं खाजवलं. "मंग अमावस्या?"

"अमावस्येला तुम्हाला सुट्टी असते, नवलभाऊ. त्या दिवशी नवी बाटली वाळूत बसते. पोराला चंद्राचं काही नाही. बाटली चंद्राबरोबर चालते, आणि पोरगं बाटलीबरोबर."

वच्छलाबाईंच्या हातातून पदर सुटला. "म्हणजे माझ्याच हातनी?" त्या वेळी त्या पहिल्यांदा प्रमाण मराठीच्या जवळ आल्या, जशी माणसं दवाखान्यात येतात.

"तुम्ही लेकराला गाळ मिळू नये म्हणून जपलंत, अक्का. जपलंत म्हणूनच झालं. नीट हलवून दिलं की सुटलं."

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "घरात औषध देतं कोण, हे मीही विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "नव्या बाटलीवर, हलवून, उद्यापासून पुन्हा सुरू करू. रक्त पुन्हा तपासू. माझी तक्रार मी मागे घेतो."

योगराजसरांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यावर सगळं संपलं असतं. पण मोनाली उठून उभी राहिली.

"सर, एक राहिलं. बाटली हलवायची असते हे मला माहीत होतं. मी सारिकाताईंना सांगितलंही. आजी शेतात होत्या. थांबले असते तर बस गेली असती. म्हणून त्यांना न दाखवताच मी गेले."

"मी सांगितलं होतं आत्याबाईंना," सारिका म्हणाली. "त्या म्हणाल्या, गाळ वर येईल. पुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही."

योगराजसरांचा चेहरा पुन्हा ताणला. "म्हणजे चूक शेवटी मोनालीचीच. अहवालात मी काय लिहू, कामिनीताई?"

कामिनीला उत्तर ठाऊक होतं. ते कालपासून, त्या वाळूपाशी बसल्यापासून, ठाऊक होतं. 

"लिहा, चूक शिकवणीत होती. आम्ही मुलींना गणित शिकवलं, सिरींज शिकवली, सांगायला शिकवलं. ज्याच्या हातानं औषध द्यायचंय त्याच्याकडून आपल्यासमोर करवून घ्यायला नाही शिकवलं. आईनं नाही, आणि आल्यापासून मीही नाही. मोनालीनं जे शिकवलं गेलं ते चोख केलं."

"लताबाईंबद्दल असं मी लिहू?" योगराजसरांनी विचारलं. त्यांनी बाईंसोबत त्याच केंद्रात सारी नोकरी काढली होती.

"लिहा, सर. ती असती तर तुमच्या हातातून पेन घेऊन तिनंच लिहिलं असतं. आणि खाली लिहा, शिकवणी बदलली आहे."

 ते मोनालीला म्हणाले, "परीक्षेची फी भरलीस का गं? नसेल तर उद्या भर. उशीर नको."

मोनालीनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. वच्छलाबाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, बराच जोराचा.

६

अमावस्या गेली. पाच दिवस गेले, आठ दिवस गेले. सारिकाचा फोन आला तो झटक्याचा नव्हता. तेजसनं केळीच्या खोडावरून उडी मारताना गुडघा फोडून घेतला होता, आणि घरात सगळे त्याचं कौतुक करत होते.

सोमवारी कामिनी वर्गात आली ती खडू न घेता. टेबलावर तिनं एक भरलेली बाटली ठेवली आणि वर्गाकडे पाठ करून खुर्चीत बसली. मग वळली तेव्हा पदर डोक्यावर होता आणि तोंड वाकडं.

"मी शेतातून आत्ताच उनू," ती म्हणाली. "माले ऐकू कमी येस. माले नातूले औषध देवानं शे. शिकाडा कोणी."

वर्गात हसू फुटलं. पुढच्या बाकावरची ऋतिका उठली. "आजी, वजन पंधरा किलो, म्हणून दीड मिली..."

"किलो काय करू मी? केळी मोजू का?"

ऋतिका हसत खाली बसली. दुसरी उठली; तिनं बाटलीवरची सूचना मोठ्यानं वाचून दाखवली. आजीला अक्षर येत नव्हतं. तिसरीनं स्वतः बाटली हलवून, स्वतः सिरींज भरून, "असं करायचं" म्हणून हातात दिली. आजीनं मान डोलावली, आणि ती मुलगी वळताच बाटली तशीच शांत ठेवून वरवरचं काढलं. वर्ग ओरडला. कामिनी मनापासून हसली. होळीनंतर असं हसू आलं नव्हतं, हे तिला हसून झाल्यावर जाणवलं, आणि ती क्षणभर टेबलाची कड धरून राहिली.

"अजून कोणी?"

मोनाली पुढे आली.  खुर्ची ओढून आजीच्या गुडघ्याशी गुडघा लावून बसली.

"अक्का, चहा झाला का?"

"व्हयना."

"नातवाचं नाव काय?"

आजीला नाव सुचेना. वर्ग पुन्हा हसला. मोनाली नाही हसली. तिनं बाटली आजीच्या हातात दिली, तिची बोटं बाटलीभोवती मिटवली, आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसून राहिली.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "तुम्ही करा. मी बघते."